पूजेला बसवलेलं यंत्र

खंडेनवमीला आमच्याकडे विळीपासून मोटारीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. उणकलच्या आमच्या वसाहतीत गेल्या वर्षी त्यात आणखी एका यंत्राची भर पडली. एकाएकी हृदय बंद पडलं तर छातीवर पट्ट्या लावून विजेचा झटका देणारं हे यंत्र. कुणालाही पटकन घेता यावं म्हणून आम्ही ते बाहेरच्या भिंतीवर उघड्या पेटीत ठेवलं होतं. अध्यक्षांनी ते काढून सभागृहात पाण्याच्या पंपाशेजारी पाटावर मांडलं, हार घातला, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून धारवाडला लेकीकडे गेले. कुणी एक शब्द बोललं नाही. मी तरी कुठे बोलले? कुंकवाची वाटी माझ्याच हातात होती.

दसऱ्याच्या सकाळी माझा थोरला भाऊ, अण्णा, फिरून येताना फाटकाशी कोसळला. शेजारच्या नर्सबाईंनी लगेच त्याची छाती दाबायला घेतली आणि ओरडल्या, "मशीन आणा!" मी भिंतीकडे धावले. पेटी रिकामी. तशीच सभागृहाकडे पळाले, तर सेक्रेटरी माझ्या मागोमाग.

"अक्का, तडीरी, जरा थांबा. अध्यक्षांना फोन लावतो. उत्तरपूजा व्हायचीय अजून."

उत्तरपूजा! माझा भाऊ तिकडे मातीत पडलाय आणि या माणसाला पूजेची पडलीय! जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली, अस्सल कानडीत दिली. मग दगड घेऊन कुलूप फोडायला लागले. चोरांच्या भीतीने आम्हीच चांगलं दणकट कुलूप घेतलेलं. फुटता फुटेना.

अखेर कुलूप तुटलं, यंत्र आणलं. नर्सबाईंनी पट्ट्या चिकटवल्या. आतून इंग्रजीत आवाज आला, झटक्याची गरज नाही, छाती दाबत राहा.

"गरज नाही म्हणतंय!" सेक्रेटरी ओरडले. "वाचले अण्णा!"

जमलेल्यांनी हात जोडले. मीही जोडले. नर्सबाई मात्र छाती दाबतच राहिल्या.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. हृदय थरथरत असतं तोवरच झटक्याचा उपयोग. ते पार थांबलं की यंत्र झटका देत नाही.

अध्यक्षांचं आणि सेक्रेटरींचं तोंडही मी आता बघत नाही. पण अण्णा गेला होता आणि मी त्याच्या उशाशी बसून, वाचला म्हणून हसत होते, त्याचा राग कुणावर काढू?