गिरणीतला गरम डबा

गिरणीत माझ्या पुढे एक तरुण उभा होता. गिरणीवाला झाकण शोधत होता, तोवर ताज्या पिठाचा डबा छातीशी धरून तो सावकाश डावी-उजवीकडे डुलत होता. त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"किती दिवसांचं बाळ?" मी विचारलं.

तो चपापला, मग हसला. "बावीस दिवसांची आहे. दिवसभर झोपते, रात्री टक्क जागी. कधी हो वळण लागेल?"

माझ्या मुलीच्या वेळी मीही आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "अरे, पोटात कुठे दिवस उजाडत होता? शिकेल हळूहळू." तेव्हापासून मी घड्याळ बघायचं सोडलं. तासाभराची झोप, मग दूध, मग पुन्हा माझा खांदा. काही महिन्यांनी ती सलग झोपायला लागली. ती पहिली रात्र कोणती, ते मात्र आठवत नाही. बहुधा मीही गाढ झोपलो होतो.

"शिकेल हळूहळू," मी त्याला म्हटलं.

तो गेला. माझाही डबा आला, चांगला गरम होता. एरवी मी तो पिशवीत टाकतो. त्या दिवशी छातीशी धरून घरी आणला.