चप्पल आधीच निसटत होती

माझ्या डाव्या पायातली चप्पल पाठीत सुई टोचायच्या आधीपासूनच निसटत होती. परवापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, बायकोला नाही, अकलूजच्या आक्काला तर नाहीच.

रक्ताचा कॅन्सर एकदा आटोक्यात आला होता. पुढं दर तपासणीला डॉक्टर तेच विचारायचे: डोकं दुखतं का, एकाचे दोन दिसतात का, कुठं बधिर वाटतं का. माझ्या प्रकारच्या आजारात मणक्यातलं पाणी सरसकट तपासत नाहीत, तसं काही लक्षण दिसलं तरच. म्हणजे सगळी भिस्त माझ्या उत्तरावर. आणि मी ठणकावून नाही म्हणायचो, खालचा ओठ बधिर झालेला असताना.

कारण सांगायची लाज वाटते, पण सांगतो. आजार निघाला तेव्हा बायकोची शपथ घेऊन तंबाखू सोडली होती. तरी टॉवेल-चादरीच्या ज्या दुकानात कामाला होतो, त्याच्या मागं जाऊन चिमूट ओठाखाली धरतच होतो. ओठ चुन्यानं पोळला असणार, असं मनाशी ठरवलं. ओठाचं सांगितलं की तंबाखूचं निघणार. चप्पल निसटायला लागली तेव्हा पट्टा सैल झालाय म्हणून नवी जोडी घेतली. नवीही निसटली. तेव्हा मला कळलं होतं. तरी गप्प बसलो.

पकडलं बायकोनं. दुपारी कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खात होतो, तर ती म्हणाली, "अवो, ओठातनं रक्त येतंय की." दातानं ओठ फोडला होता, त्यावर ती जहाल चटणी, आणि मला पत्ता नाही.

पुढच्या तपासणीला तिनं हे डॉक्टरांना सांगून टाकलं. मी तिच्यावर खेकसलो. हिला कशातही रोगच दिसतो, म्हणालो. ती हलली नाही. डॉक्टर म्हणाले, ओठ असा बधिर होतो तेव्हा आजार मेंदू आणि मज्जारज्जूकडं सरकलेला असू शकतो, पाठीतलं पाणी काढून बघायलाच हवं.

पहिलं पाणी स्वच्छ निघालं. झालं का समाधान, असं मी तिला टोचून विचारलं. डॉक्टरांचं मात्र झालं नव्हतं. एका नमुन्यात पेशी सापडत नाहीत कधीकधी, पुन्हा काढू, म्हणाले. मी नकोच म्हणत बसलो. तेव्हा बायकोनं पिशवीतून माझी तंबाखूची पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही मला पयल्यापासनं ठावं हाय. हिच्यामुळंच ओठ बधिर झाला म्हणतील, म्हणू द्या. पण सुई घ्या."

म्हणजे ज्यासाठी ओठ लपवला, ते तिला माहीतच होतं. दुसऱ्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. मग त्याच वाटेनं, पाठीतून, औषध पुन्हा पुन्हा गेलं. ओठाला जाण आली. पायाला यायला उशीर झाला होता.

आक्का, माझी थोरली बहीण, भेटायला आली. माझ्या हातातली काठी बघून बायकोला म्हणाली, "सुया मारायला लावून माझ्या भावाला लुळा केलास की गं." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं. त्यानंतर बायकोनं अकलूजला पाय ठेवला नाही.

परवा दवाखान्याच्या बाकावर शेजारी अकलूजचाच एक माणूस बसला होता. त्याच्या भावालाही हाच आजार, हीच सुई सांगितलेली, आणि हा नको म्हणून सांगायला आलेला. मी का म्हणून विचारलं.

"आमच्या गल्लीत एक आक्का हायत. त्यांचा भाऊ सुईनंच लुळा झाला. भावजयीनं हट्ट केला म्हनं."

माझीच गोष्ट गावभर फिरून माझ्या मांडीवर येऊन बसली होती. मी काठी फरशीवर आपटली.

"तो भाऊ मीच. पाय सुईच्या आधी गेला, मी लपवलं म्हणून. सुईनं वाचलो. आत जा आणि भावाला सुई देऊ द्या."

बाकावरची सगळी माणसं बघायला लागली. बघू देत. मला लंगडा म्हणा, खोटारडा म्हणा, दोन्ही कबूल. पण माझं उदाहरण देऊन यापुढं कुणी या सुईला नाही म्हणायचं नाही. ते मी चालू देणार नाही.

वळलो तर बायको औषधांची पिशवी घेऊन मागंच उभी. आम्ही रिक्षात बसलो. रस्त्याकडं बघत ती म्हणाली, "म्हंजे पाय सुईच्या आधीच गेलाय, हे तुमाला ठावं हुतं. परक्याला सांगितलंत. आक्कांना कोण सांगणार?"

इथं लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मी धरत नाही. अकलूजला जाऊन, आक्काच्या दारात, बायको शेजारी उभी असताना, पाय माझ्या गप्प बसण्यानं गेला आणि जीव हिच्यामुळं राहिला, एवढं माझ्या तोंडानं बोलायचं देणं अजून बाकी आहे.