सईचं अरबी आणि शांतारामभाऊंचा कागद

शुक्रवारी सईची सातवीची पुस्तकं आली. गणित तीन दिनार, विज्ञान साडेतीन, हिंदी दोन, आणि अरबी... चार! शिवाय त्याची चौरेघी वही वेगळी.

आमच्या इथे कुवेतमध्ये भारतीय शाळांतही मुलांना अरबी शिकावंच लागतं. पहिलीपासून सई शिकते आहे. पण बोलता येत नाही, अर्थ कळत नाही... नुसतं घडाघडा वाचते. मी तिला नेहमी सांगायचे, पास होण्यापुरतं कर बाई, त्यापेक्षा रामरक्षा पाठ कर, जन्मभर कामाला येईल.

त्या दिवशीही पुस्तकांना कव्हरं घालताना हेच चाललं होतं माझं. तेवढ्यात शांतारामभाऊ आले. हे आमच्या ओळखीचे सुतार, लांज्याकडचे. अठरा वर्षं इथल्या एका कंत्राटदाराकडे आहेत, जलीबला सहाजणांत एक खोली करून राहतात. आमच्या देव्हाऱ्याचं दार निसटलं होतं, ते बसवायला सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आले. पैसे घेत नाहीत, म्हणून मी जेवायला थांबवते.

दार बसवून झालं आणि त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. यंदा भावाभावांत गणपतीची पाळी त्यांच्याकडे. चार वर्षांनी आली आहे... म्हणून चाळीस दिवसांची रजा मागितली, तिकीट आत्ताच काढलं तर स्वस्त पडेल असा बेत. ऑफिसातल्या माणसाने हा कागद दिला आणि सांगितलं, सही करून रविवारी आण.

"सही करायची हाय, पन वयनी, आधी कुनीतरी वाचून दावलं तर बरं. सगळा अरबीत हाय."

कागद झेरॉक्सचा झेरॉक्स, पार फिका. भाषांतरासाठी फोनचा कॅमेरा धरून पाहिला तर फोनने त्यात कुठलीशी फळबाग शोधून काढली! आमच्या ह्यांना इंग्रजी कितीही येवो, अरबी नाही. मी सईकडे पाहिलं.

"आई, आय कॅन ओन्ली रीड! मीनिंग नाही येत मला."

"मीनिंगचा मी बघतो गो," भाऊ म्हणाले. "तू नुसता वाच. बोललेला समाजता मला, अक्षर तेवढा येत नाय."

मग सई कागद खिडकीशी धरून बसली. उजवीकडून बोट ठेवत एकेक शब्द, अडखळत. भाऊ समोर पाटावर मांडी घालून, डोळे मिटून... पोथी ऐकायला बसावं तसे. कुठे कंपनी, कुठे तारीख, कुठे त्यांचं स्वतःचं नाव. नाव आलं तेव्हा हसले, म्हणाले, "बघा, गावात मला हाक मारतात त्याहून बरा वाचलान!"

पुढच्या ओळीला सई एका शब्दावर थांबली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा म्हणाली, "इस्तिकाला."

भाऊंनी डोळे उघडले. "परत वाच."

तिने परत वाचलं. भाऊ अगदी हळू म्हणाले, "वयनी, ह्यो रजेचा कागद न्हाय. ह्यो राजीनाम्याचा."

खोलीतल्या एकाला हाच शब्द पूर्वी ऑफिसात ऐकायला मिळाला होता, म्हणून भाऊंना तो पक्का ठाऊक. सही झाली असती तर नोकरीच गेली असती, गणपतीला गेलेले भाऊ परत येऊच शकले नसते. घरी दोन मुलं शिकताहेत... माझ्या हातातलं कव्हर तसंच राहिलं.

भाऊंनी जेवून कागदाची घडी पुन्हा खिशात घातली. मी देवापुढे निरांजन लावलं आणि काही मागितलं नाही, नुसती उभी राहिले.

रविवारी भाऊ ऑफिसात गेले, कागद टेबलावर ठेवला आणि तो शब्द तोंडाने म्हणाले, एवढंच. तो माणूस म्हणाला, अरे, चुकून दुसरा फॉर्म आला. लगेच नवा काढून दिला. चूक होती की काय होतं, ते देव जाणे. मला त्यात शिरायचं नाही.

पण गंमत पुढेच आहे. नवा कागद घेऊन भाऊ परस्पर सही न करता संध्याकाळी बसने आमच्याकडे आले. सईला खाली बसवलं, पुन्हा डोळे मिटले. या खेपेला 'इजाजा' आलं, म्हणजे रजा. चाळीस दिवस, परत येण्याची तारीखसुद्धा! तेव्हा कुठे पेन काढलं.

"अठरा वर्सां बोलतोय, अक्षर एक नाय. ही फडाफडा वाचता, कळत काय नाय. आमी दोगं मिळून एक मास्तर झालो वयनी!"

सई इतकी लाजली... अरबीचं पुस्तकच तोंडापुढे धरलं तिने.

नंतर मी विचार करत होते. मी तरी अथर्वशीर्ष शिकले तेव्हा कुठे काय कळत होतं? आईने म्हणून घेतलं, मी म्हटलं. अर्थ कितीतरी वर्षांनी एका कीर्तनात समजला. मग लेकीच्या वाचनालाच मी का नावं ठेवत होते कोण जाणे. 'पास होण्यापुरतं' हे शब्द आता घरात काढायचे नाहीत, असं मी ठरवलं आहे.

आता भाऊंच्या खोलीतले आणखी तिघे आपापले कागद घेऊन येऊ का विचारताहेत. पण दर वेळी शब्द ओळखीचाच निघेल असं नाही, आणि सई शेवटी लहान आहे. तेव्हा वाचकांपैकी आमच्या रिग्गई-फरवानिया भागात अरबी नीट समजणारं आपलं मराठी कोणी असेल, शुक्रवारी तासभर बसू शकेल, तर कृपा करून उलट टपाली कळवा. वाचणारी आमच्याकडे आहे... अर्थ सांगणारं माणूस हवं आहे.