शत्रू न ठेवलेली मोहीम

स्वारगेटजवळच्या सायबर कॅफेत मी झाडूपोछा करायची तवाची गोष्ट हाय. गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेला एक पोरगा रोज सकाळी कामावर जायच्या आधी यायचा आन् लढाईचा गेम खेळायचा. फरशी ओली दिसली की बूट दारातच काढायचा. नाव मी कधी इचारलं न्हाई.

"मावशी, दुसऱ्या गेममधले सैनिक येडे, सरळ पळत येतात आणि मरतात," तो सांगायचा. "यातले आडोसा धरतात, एकमेकांना राखतात. आणि यात मोहीम आपली आपण बनवता येते."

"मग कुनीच मरनार न्हाई अशी बनव की."

"मग खेळणार काय?" तो हसला.

मी म्हनलं, "माझा लेक सीमेवर हाय. लई दिस झाले, फोन न्हाई."



दुसऱ्या दिवशी त्यानं मला खुर्चीत बसवलं. पडद्यावर डोंगर व्हता, वर एकटा जवान, खाली गाडी.

"हे बटण दाबून धरा. शत्रू ठेवलाच नाही मी."

मी बटन दाबून धरलं. जवान हळूहळू उतरला आन् गाडीपाशी पोचला.

त्या पोराचे उपकार मी इसरले न्हाई. लेकाचा फोन येईस्तवर रोज सकाळी तो आधी मला जवान खाली आनू द्यायचा, मगच आपली लढाई सुरू करायचा.