ब्रेकबाईची गाडी

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला आमच्या भागात सगळे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. ती गाडी चालवायला शिकवायची. स्वतःची एकच गाडी, तिच्या दारावर लाल अक्षरांत ‘शिकाऊ’, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. समोर भिंत आली तरी ती कधी ओरडली नाही. नुसता पाय दाबायची आणि म्हणायची, “भिंत पळून जात नाहीये. आपण परत येऊ.” तिच्या हाताखालून बँकेतले साहेब गेले, नर्सा गेल्या, एकाच घरातल्या दोन सुना आणि त्यांच्यामागून चोरून त्यांची सासूही गेली. मला मात्र तिने शिकवलं नाही. “वन्सं, तुम्ही ऐकून घेत नाही,” असं म्हणाली. खरं आहे ते. पण ऐकून घेण्याची हद्द तिनेही फार ओलांडली, आणि म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी दारात उभी राहिली. त्याच सुमारास माझा भाऊ निवृत्त झाला. नळांना क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. लोकांच्या मोऱ्या आणि बेसिनं याने चकाकवली. घरात बसून करमेना, तेव्हा म्हणाला, “तू बरी होईस्तोवर गाडी जरा साफ करून ठेवतो.” जरा! बोट दिलं की हात धरणारी माणसं असतात. याने इंजिन धरलं.

आधी झाकणं चकाकली, मग पाइप, मग इंजिनाच्या आजूबाजूची पत्र्याची भिंत मोत्यासारखी पांढरी झाली. वायरी दिसतात म्हणून त्या पत्र्याआड कोंबल्या. पाण्याची प्लास्टिकची बाटली पिवळी पडली होती, ती काढली. रेडिएटर घासूनपुसून आरशासारखा केला आणि तो झाकला जातो म्हणून त्याच्यापुढचा पंखा काढून माळ्यावर टाकला. दर रविवारी गोदामामागच्या मैदानावर अशाच वेडगळांचा मेळावा भरतो, तिकडे ही गाडी ट्रकवर चढवून न्यायची. हो, ट्रकवर! चालवत नेली तर धूळ बसते ना.

भावजय बरी झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. कोपऱ्यावरची शिंपीण, पन्नाशीची बाई, रोज विचारायची, “मॅडम, सुरू कधी करायचं?” भावजयीने नवऱ्याला गाडी मागितली. “पुढचा मेळावा होऊ दे,” तो म्हणाला. पुढचा झाला, त्याच्या पुढचाही झाला. स्वतःच्या गाडीसाठी ही बाई स्वतःच्या घरात अर्ज केल्यासारखी उभी राहायची, आणि मी गेले की मलाच चहा देऊन सांगायची, “जाऊ दे वन्सं, त्यांचा जीव रमतोय.”

“आणि तुझा?” मी विचारलं.

ती कपबशा उचलून आत गेली. त्या रविवारी मी तिला ओढूनच मैदानावर नेलं. म्हटलं, आपली गाडी कुठे कैदेत आहे ते बघून तरी येऊ.

ओळीने गाड्या, सगळ्यांची बॉनेटं वर. दात दाखवायला आ वासून बसलेल्या रोग्यांसारख्या. आणि पुरुष! हात मागे बांधून, पोटं पुढे काढून, माना आत घालून बघत होते. दुसऱ्याच्या गाडीला बोट लावायचं नाही हा तिथला मोठा नियम. एक जण कानात घालायच्या कापसाच्या काडीने बोल्टच्या खाचा पुसत होता. त्याच्या घरातल्या मोरीचा कोपरा कोण पुसतं, असं विचारावंसं वाटलं.

“टर्बो मोठा टाकलास?”

“दीडपट.”

“बॉनेट बसतं का मग?”

“बसवायचं कशाला? भोक पाडलंय.”

यावर वाहवा. ज्याला भोक पाडल्याची शाबासकी मिळते, तो उद्या घराचंही छप्पर काढेल.

आमच्या बंधुराजांच्या गाडीपुढे तर गर्दीच होती. त्याने खाली आरसा ठेवला होता, म्हणजे इंजिनाचं पोटही दिसावं. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, दोन स्क्रूंनी काहीतरी झगमगीत जडवलं होतं. मी चष्मा सारखा केला. तो भावजयीचा जादा ब्रेक होता. तो पायाखालून उपटून, क्रोम चढवून त्याने शोभेला लावला होता.

“हे काय रे?” मेळाव्याच्या सेक्रेटरीने विचारलं. त्याला सगळे भोंगा म्हणतात, आवाजच तसा आहे.

“घरातला ब्रेक!” माझा भाऊ म्हणाला. आम्ही मागे उभ्या आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. “इकडे आणून लावलाय. आता घरात कशालाच ब्रेक नाही!”

सगळे हसले. भोंगा तर पोट धरून हसला. मी भावजयीकडे पाहिलं. ती हसली नाही, रडलीही नाही. दोघांपैकी काहीतरी केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त त्या ब्रेककडे बघत होती. त्यावर पूर्वी रबराचा काळा तुकडा होता, तिच्याच बुटाने झिजलेला. तो सोलून टाकला होता.

आम्हाला बघून भाऊ जरा चपापला, पण लगेच सावरला. “अरे वा, ताई! बरं झालं आलात. आता भोंगा वाजेल.” तिथली रीत अशी की दुपारी मैदानावरचा खरा भोंगा वाजला की सगळ्यांनी इंजिनं एकदम सुरू करायची, घटकाभर आवाज ऐकायचा आणि बंद करायची. मालकाने मात्र बॉनेटपाशी उभं राहून लोकांना समजावून सांगायचं. म्हणून तो बायकोला म्हणाला, “तू आत बस. किल्ली फिरव. मी खूण केली की बंद कर.”

याला मूर्खपणा म्हणतात. जन्मभर जी बाई लोकांच्या हाती गाडी देत आली, तिच्या हाती याने गाडी दिली आणि वर सांगितलं, नुसती किल्ली फिरव.

भोंगा वाजला. मैदान गुरगुरलं, थरथरलं. मग एकेक इंजिन शांत झालं. एक सोडून.

“बंद कर गं!” भाऊ ओरडला.

“बॉनेट खाली करा,” ती खिडकीतून म्हणाली.

“काय?”

“मला समोरचं दिसत नाही. समोरचं दिसत नसेल तर गाडी हलवायची नाही, हा माझा पहिला धडा.”

“अगं, हलवायचीच नाहीये!”

“मला हलवायची आहे.”

तो कसचा खाली करतोय! मीच पुढे झाले, दांडी काढली आणि बॉनेट आपटलं. असा आवाज झाला की हात मागे बांधलेल्या सगळ्यांचे हात एकदम पुढे आले. “मावशी, हळू!” कोणीतरी कळवळला. कधीची मावशी मी याची! मी तो आरसा पायाने सरकवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. माझ्या पायाशी, जिथे ब्रेक होता, तिथे नुसतं भोक होतं.

तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि गाडी काढली. गर्दीतून, धुळीतून. तिचा चेहरा मी फार दिवसांनी तसा पाहिला. “क्लच अजून कडक आहे,” ती म्हणाली. “पण शिंपिणीला जमेल.”

सिग्नलपाशी रांग होती. उभे राहिलो आणि काटा चढू लागला. कॉलेजात मी पदार्थविज्ञान घेतलं होतं, पण त्याची गरज नव्हती. पंखा माळ्यावर असला की पाणी उकळणारच. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. ती घाबरीघुबरी होण्याचं नाव नाही. गाडी कडेला घेतली, हॅंडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“आपली गाडी त्यांनी दाखवायची केली, वन्सं,” ती म्हणाली. “चालायची नाही ठेवली.” आणि मग रडली.

तेवढ्यात मंडळी धावत आली. भाऊ पुढे, भोंगा मागे, सगळ्यांचे श्वास फुललेले. भाऊ बॉनेटकडे झेपावला.

“हात लावू नका,” ती आतून म्हणाली. डोळे पुसले होते, आवाज कोरडा. “गरम आहे. आधी माझ्याशी बोला. पंखा कुठे आहे?”

“माळ्यावर.”

“बाटली?”

“भंगारात दिली.”

“आणि माझा ब्रेक?”

त्याने बॉनेटकडे बोट केलं. तिथून अजून वाफ येत होती.

“तो ब्रेक उद्या संध्याकाळपर्यंत जागेवर लागला पाहिजे. पंखाही. नाहीतर मी ही गाडी माझ्या हाताने भंगारात देईन, तुमच्या झगमगाटासकट. आता ढकला. घरापर्यंत.”

“ट्रक बोलावतो ना.”

“ढकला.”

आणि ढकलली त्यांनी. दुसऱ्याच्या गाडीला बोट न लावणाऱ्यांनी दोन्ही तळवे टेकून, घामेजलेले, धुळीचे. मागच्या काचेवर, डिकीवर, दारावर पंजेच पंजे. भोंग्याचा आवाज बसला होता. ती आत बसून सूचना देत होती, “सावकाश. वळण आहे. सगळे एकदम नको.” मी मागे वळून वळून बघत होते. कारण मला ते फार आवडत होतं.

ब्रेक लागला. शिंपीण आता बाजारापर्यंत गाडी नेते. क्रोम निघालेला नाही, त्यामुळे भावजयीचा बूट त्यावरून घसरतो. भावाने त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिलाय. तो पुन्हा गाडी पुसत बसतो, ती बसू देते. “झालं गेलं,” म्हणते.

तिचं झालं असेल. त्या मैदानावर सगळे हसले, आणि पहिला हसला तो माझा सख्खा भाऊ. अजून तो मला “ताई, चहा?” विचारतो. मी त्याच्या हातचा घेत नाही.