आणणाऱ्याची भाकरी

वेगवान गाड्यांचं कौतुक मला सांगू नका. मला पॅसेंजरनं जेवू घातलंय. एकाहत्तरच्या सुमारास नगरजवळ नागापूरच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मी दुसऱ्या पाळीला होतो. आई काष्टीला. ती सकाळी स्टेशनवर जाऊन खिडकीतून माझं जेवण कुणाही अनोळखी माणसाच्या हातात द्यायची आणि नगरला मी खिडकी-खिडकीशी विचारत फिरायचो.

एकदा गाडी फार उशिरा आली. भुकेनं माझं डोकं फिरलं होतं. शेवटच्या खिडकीत एक म्हातारी डबा मांडीवर घेऊन बसलेली. तिला खरं तर नगरच्या अलीकडे, सारोळ्याला उतरायचं होतं. पण शेजारी कुणीच उरलं नव्हतं.

"लेकराची भाकर कुनाच्या हवाली करू? म्हून आले फुडं," ती म्हणाली.

तिची परतीची गाडी संध्याकाळी होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. फलाटावरच आम्ही दोघं जेवलो.

"आईला सांग, कालवनात मीठ कमी हाय," असं बजावून ती बाकावर आडवी झाली.

मिठाचं मी आईला कधीच सांगितलं नाही. म्हातारीचं सांगितलं. तेव्हापासून डब्यात एक भाकरी जास्त यायची, आणणाऱ्याची.