घागरींसमोरचं व्याख्यान

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी देवपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात द्रवयांत्रिकी शिकवत होते. निसर्गातल्या आणि उद्योगातल्या द्रव व घन यांत्रिकीवर आमच्याकडे दर महिन्याला संशोधन चर्चासत्र भरे. भरे म्हणजे वक्ता, मी आणि पंखा.

एका उन्हाळ्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, मुंबईचे मोठे तज्ज्ञ येताहेत. या वेळी हॉल भरला नाही तर चर्चासत्रं बंद. आणि प्रयोगशाळेचा हौद होस्टेलला देऊन टाकू. पोरं आंघोळीवाचून ओरडताहेत."

हौद प्रयोगशाळेच्या फरशीखाली होता. त्यातलं पाणी पंपानं वर चढे, काचेच्या लांब पाटातून वाहे आणि परत हौदात पडे. हौद गेला की माझी प्रयोगशाळा म्हणजे काचेचं रिकामं कपाट. प्राचार्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पांझरा नदी कोरडी पडली होती, नळाचा भरवसा नव्हता. मी कॉलेजमागच्या गल्लीत गेले आणि बायकांना सांगितलं, की व्याख्यान ऐका, संपल्यावर हौदातलं पाणी न्या. प्यायला नाही, पण धुण्याभांड्याला उत्तम. हौद पुन्हा कसा भरायचा, ते नंतर बघू.

चाळीसगावला गाडी बदलून पाहुणे सकाळी वेळेवर पोहोचले. मी त्यांना हॉलमध्ये नेलं तेव्हा एकही खुर्ची रिकामी नव्हती. प्रत्येकीवर हंडा, घागर किंवा कळशी होती. नळावर भांडं ठेवलं की नंबर लागतो, त्याच हिशेबानं बायका नंबर लावून स्वयंपाकाला घरी गेल्या होत्या.

"मॅडम, हे काय?" प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले.

"श्रोते, सर. मालकिणी येतीलच."

पाहुण्यांनी पहिल्या रांगेतल्या पितळी हंड्याकडे पाहून मान लववली. माणूस सभ्य होता. शाल-श्रीफळ, परिचय आणि प्राचार्यांचं भाषण घागरींच्या समोर यथासांग पार पडलं. आभाराचं भाषणही आधीच उरकून घेतलं, कारण शेवटपर्यंत कोण थांबेल, हे सांगता येत नव्हतं.

मग एकेक बाई येऊन आपापलं भांडं मांडीवर घेऊन बसली. पाहुणे फळ्यावर आकृत्या काढू लागले. फळा पुसला, की आता संपलं असं समजून बायका टाळ्या वाजवत. पाहुणे खूश होऊन आणखी एक आकृती काढत. बराच वेळ असाच गेला. शेवटी त्यांनी प्रात्यक्षिक जाहीर केलं आणि सगळा हॉल भांड्यांसकट प्रयोगशाळेत शिरला.

वेगानं आलेलं पाणी अचानक उसळून संथ होतं, ती पाण्याची उडी त्यांना दाखवायची होती. मी पंप सुरू केला. पाहुण्यांनी पिशवीतून लाल रंग भरलेली बाटली काढली.

"प्रवाह डोळ्यांना दिसायला हवा," ते म्हणाले.

पुढची बाई कळशी आपटून आडवी आली. "रंग नका टाकू, भाऊ! बठ्ठं पानी लाल व्हई जाई. आमले ते घर लई जानं शे!"

"त्या काय म्हणतात?" पाहुण्यांनी मला विचारलं.

"रंगामुळे प्रवाह बदलेल का, अशी शंका आहे."

"फार मूलभूत प्रश्न!" म्हणत ते बाटलीचं बूच काढू लागले. दोन बायकांनी पाटावर आडवे हात धरले. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. हॉल भरला होता, आणि आता तो तज्ज्ञाला मारणार होता.

मी कॅन्टीनमध्ये धावले. चहाबरोबर द्यायच्या भत्त्याचे मुरमुरे फोडणीची वाट पाहत परातीत पडले होते. परातच उचलून आणली.

"सर, रंगाऐवजी हे. तरंगतात, आणि गाळून काढता येतात."

पाहुण्यांनी एक मूठ पाण्यात टाकली. मुरमुरे सुसाट निघाले, उडीपाशी पोहोचले आणि तिथेच गरगरू लागले. काही सुटले. एक मात्र सारखा मागे फिरे. बायका काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"निंघतच नही वं तो!"

"मना नवराना मायक. फिरस खूप, पोचस कोठेच नही."

पाहुण्यांना शब्द कळले नाहीत, हशा कळला. ते पुन्हा पुन्हा मुरमुरे टाकत राहिले. त्यानंतर मी गाळणं फिरवलं आणि बायकांनी हौद तळापर्यंत उपसून नेला.

जाताना पाहुणे प्राचार्यांना म्हणाले, की विज्ञानाची एवढी ओढ त्यांनी मुंबईत पाहिली नव्हती. ही प्रयोगशाळा जपा. प्राचार्यांनी हौद माझ्याकडेच ठेवला आणि दर चर्चासत्राआधी तो भरायला टँकरही मंजूर केला.

पुढच्या महिन्यात धातूंमधल्या भेगांवर बोलायला जळगावचे एक प्राध्यापक येणार होते. गल्लीत विषय कळला आणि त्यात पाणी नाही म्हटल्यावर एकही बाई हंडा घेऊन यायला तयार होईना. मी प्राध्यापकांना फोन लावला.

"सर, भेगांमधून होणारी गळती घ्याल का?"

"पण माझं काम कोरड्या नमुन्यांवर आहे, मॅडम."

"असू द्या. भेग तुम्ही आणा, पाणी मी भरते."